तिसरी पाळी

एकोणतीस वर्षं तिसरी पाळी केली मी.
रात्री साडेदहाला दापोडीच्या कोपऱ्यावर कंपनीची बस,
सकाळी सातला परत, बुटांत लोखंडाचा कीस.
मग पडदा ओढून, पंखा पाचावर ठेवून
मिळेल ती झोप.
साडेनऊला भंगारवाला, अकराला शेजारचा कुकर,
मधे मधे लोणावळा लोकल
उशीखालून गेल्यासारखी.
चार तास. फार तर पाच.

फंड मिळाला, ग्रॅच्युइटी मिळाली,
निरोपाला भिंतीवरचं घड्याळ मिळालं.
झोपेचं मात्र कुणी नाव काढलं नाही.
म्हणून मीच मांडलं, कॅलेंडरच्या पाठीमागे, पेन्सिलीनं:
दिवसाला तीन तास कमी,
वर्षाचे तीनशे दिवस,
गुणिले एकोणतीस.
सव्वीस हजार शंभर तास येणे.

वसुली सुरू केली.
रात्री नऊला आडवा, सकाळी नऊला उभा,
जेवल्यावर आणखी दीड तास, व्याजापोटी.
पण जेवढं वसूल करावं तेवढं अंग जड होत गेलं.
डोकं म्हणजे भिजलेलं पोतं.
कंबर धरलेली, तोंडाला पितळेची चव,
आणि पेपर उघडेपर्यंत
बातम्या शिळ्या.
शैलजा माझा चहा तीनदा गरम करते,
चौथ्यांदा स्वतःच पिऊन टाकते.
भंगारवाला अजून साडेनऊलाच येतो म्हणे.
मला काही ऐकू आलेलं नाही.

मुलं या घरात कुजबुजत वाढली.
कॅरम खेळायची तर
चारी जाळ्यांत फडकी कोंबून,
सोंगटी पडल्याचा आवाज नको.
भांडायचीसुद्धा नुसत्या ओठांनी.
मृण्मयी अजून फोनवर हळू बोलते.
अगं मोठ्यानं बोल, म्हणतो, मी जागा आहे.
ती म्हणते, हो का,
तेही हळूच.

खडकीच्या उपासनीबाईंनी डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या.
साखर तपासा, थायरॉईड तपासा,
आणि सात तास पुरे, आठ म्हणजे डोक्यावरून पाणी.
मी विचारलं, आणि मागची थकबाकी?
त्या हसल्या.
काका, झोपेला पासबुक नसतं.
दोनचार रात्रींचं भरून निघतं थोडंफार.
तीस वर्षांपूर्वीची मंगळवारची झोप
आता कुठून आणू मी?
आणि बारा तास झोपणाऱ्याला
बाकीच्या बारा तासांत करता काय, ते विचारलं.
मला सांगता आलं नाही.

बाहेर आलो.
शैलजा बाकावर बसलेली,
पुढचा नंबर तिच्या गुडघ्याचा.
मान भिंतीला टेकलेली, तोंड किंचित उघडं,
पर्सचा पट्टा मनगटाला दोन वेढे देऊन
गाढ झोपली होती.

मी पाळीवरून यायच्या आत ती उठलेली असायची,
मी गेल्यावर कधी पडायची
ते मी कुठल्याच कॅलेंडरमागे लिहिलं नव्हतं.
तिला झोपलेली मी
नीट अशी कधी पाहिलीच नव्हती.
झोपेत ती कपाळाला आठी घालते.
डाव्या हाताची बोटं हलतात,
काहीतरी निवडत असल्यासारखी.

कंपाउंडरनं कागद उचलला, नाव घ्यायला तोंड उघडलं.
मी तळहात दाखवला.
तोच हात, मुलं ज्याला गप्प व्हायची.
म्हटलं, पुढचा पेशंट घ्या.
त्याच्या पुढचाही घ्या.
समोरचं पोरगं मोबाईलवर गाड्या आपटत होतं,
त्यानं माझ्याकडे पाहून आवाज बंद केला.

मी तिच्याशेजारी बसलो,
जराही न हलता,
पाठ ताठ, डोळे टक्क.
बाहेर रस्त्यावर कुणीतरी हॉर्न दाबून धरला होता
आणि मला त्याचा भयंकर राग आला.